मालसुनताई वर आली नाही

छुन्ह्वा: पुन्हा एकदा बघ, हारिन. नीट बघ. चष्मा लावून बघ.

हारिन: आत्या, चष्म्याने काय होणार? कंपनीने सरळ लिहिलंय. ‘या खेळात यापुढे कोणतीही दुरुस्ती होणार नाही. तक्रारी घेणं बंद केलं आहे.’ आणि खाली आभार मानलेत.

छुन्ह्वा: आभार? मालसुनताईला समुद्राच्या तळाशी अडकवून ठेवलं, त्याचे?

हारिन: तिचे एकटीचे नाहीत. जे जे खेळतात त्या सगळ्यांचे.

छुन्ह्वा: मेले! चेरीला फुलं आली तेव्हा म्हणाले, पुढच्या वेळी नक्की दुरुस्त करतो. संत्री काढायला आली तेव्हाही तेच. आता म्हणे आभार!

हारिन: मी किती वेळा लिहिलं त्यांना. दर वेळी तेच उत्तर, ‘फोन बंद करून पुन्हा चालू करा.’ खेळाच्या पानावर लोक नुसते पेटलेत. शिव्यांचा पाऊस चाललाय. सगळे म्हणतात, कंपनीने बुडी मारली.

छुन्ह्वा: खबरदार तो शब्द त्यांच्यासाठी वापरलास तर! जेजू बेटाच्या या पाण्यात शिंपले काढायला जन्मभर बुड्या मारल्या मी. बुडी मारणारी बाई वर येते. वर येऊन शीळ घालत श्वास सोडते, तेव्हा किनाऱ्यावरच्यांच्या जिवात जीव येतो. हे पळाले. पळाले म्हण.

हारिन: बरं बाई, पळाले. पण शेवटी फोनवरचा खेळ आहे गं तो. मालसुनमावशीला सांगू, खेळात दुसरी बाई तयार कर. चुटकीसरशी होतं.

छुन्ह्वा: आणि त्या नव्या बाईला सोडतात कुठे? गुडघाभर पाण्यात, पोरासोरांबरोबर शंख वेचायला. मालसुनताईला! अख्ख्या गावात तिच्याइतकं खोल कुणी जात नव्हतं.

हारिन: हळूहळू पुन्हा खोल जाता येतं की.

छुन्ह्वा: हळूहळू? तिला आहे का तेवढा वेळ? तिकडे इंचॉनला, मुलाच्या घरी, नाकात नळी घालून पडलीय. खिडकीतून दिसते काय, तर समोरची इमारत. समुद्र म्हणून तिच्याजवळ एवढा खेळच होता. जेवण झालं की रोज फोन यायचा, ‘छुन्ह्वा, पाणी छान आहे, ये.’ आता खेळाचं नाव काढू देत नाही. सून म्हणते, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

हारिन: एका खेळापायी?

छुन्ह्वा: तू बघितलंस का तिला, त्या खेळात? हवा संपलीय तिची. तरी हात हलवतेय. मरत नाही आणि वरही येत नाही. केव्हाही उघडा, तिथेच. आम्हा बायकांना आयुष्यभर भीती ती एकाच गोष्टीची. तीच तिने रोज उघडून बघायची?

हारिन: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

छुन्ह्वा: आणि जिथे अडकली त्या खडकाच्या कपारीत ती शिरली कुणासाठी? माझ्यासाठी! माझे अंगठे हे असे वाकडे. पडद्यावर एक दाबायला जावं तर भलतंच दाबलं जातं. माझं जाळं कायम रिकामं. तर म्हणाली, थांब, तुझ्यासाठी मोठा शिंपला आणते. खऱ्या पाण्यातही हेच करायची. जिला भरपूर मिळालं तिने मागे पडलेलीच्या जाळ्यात आपल्यातलं थोडं टाकायचं, रीतच आहे आमची. मला मेलीला लाज वाटायची. मग ही खेकसायची, ‘जाळं पुढे कर. नखरे नकोत.’

हारिन: तो शिंपला अजून तिच्या हातात आहे, आत्या. अडकलेल्यांना जागचं हलता येत नाही, पण हात चालतात. जवळ कुणी गेलं तर हातातली वस्तू देता येते, असं लिहिलंय लोकांनी.

छुन्ह्वा: जवळ जाता येतं?

हारिन: जाता येतं, परत येता येत नाही. म्हणून तर कुणी जात नाही.

छुन्ह्वा: फोन दे माझा.

हारिन: नको, आत्या. ऐक माझं. तूसुद्धा अडकशील. आता तर तक्रार ऐकणारंही कुणी उरलं नाही. खेळातलं तुझं घर, तुझी होडी, तो हिरवा पोशाख, किती खपून मिळवलास तू. सगळ्यावर पाणी सोडावं लागेल.

छुन्ह्वा: जोडीदारीण पाण्याखाली राहिली आणि दुसरी किनाऱ्यावर शेकत बसली, असं बघितलंस कधी? तुझ्या फोनवरून इंचॉनला लाव. घरच्या फोनवर लाव, तो तिच्या उशाशीच असतो. उचलला नाही तर पुन्हा लाव.

(फोन बराच वेळ वाजत राहतो.)

मालसुन: ...कोण?

छुन्ह्वा: ताई, मी. ठेवू नकोस.

मालसुन: बोलताना दम लागतो गं.

छुन्ह्वा: मग नको बोलूस. खेळ उघड.

मालसुन: नाही. मला बघवत नाही ते. ते लोक काही करणार आहेत का?

छुन्ह्वा: नाही. काहीही करणार नाहीत. आजच कळवलंय.

मालसुन: वाटलंच होतं. मग कशाला उघडू?

छुन्ह्वा: मी सांगते म्हणून उघड. हारिन, कपार डावीकडे ना?

हारिन: डावीकडे, त्या काळ्या खडकाखाली. आत्या, अजून मागे फिरता येईल.

छुन्ह्वा: हवा किती राहिली माझी?

हारिन: थोडीच. आता वळ ना गं... संपली. आत्या, संपली हवा.

मालसुन: अगं, हे कोण माझ्या शेजारी? हिरवा पोशाख... छुन्ह्वा! अगं मूर्ख बाई, वर जा! इथे आलेली वर येत नाही!

छुन्ह्वा: माहीत आहे.

मालसुन: माहीत आहे, तर आलीस कशाला?

छुन्ह्वा: तू एकटी होतीस.

मालसुन: ...बावळट. पहिल्यापासूनची बावळट.

हारिन: मावशी, रडताय तुम्ही?

मालसुन: नळी खुपतेय. छुन्ह्वा, जाळ्यात काही आहे का तुझ्या?

छुन्ह्वा: काही नाही, ताई. रिकामं आहे.

मालसुन: मग पुढे कर. नखरे नकोत.