पेणला आठवणारा गॅस

आमच्या बाबांचं कसं, उलव्यातून गावाला निघालो की पेण येईपर्यंत शांत. पेण आलं की विचारणार, "गॅस बंद केला का?" मग मागच्या सीटवरून आई ओरडायची, "केलाय हो! झोपा आता."

आई गेल्यावर परवा पहिल्यांदाच निघालो. पेणला बाबांनी विचारलंच. मागून कोण बोलणार? मीच म्हटलं, "केलाय, बाबा."

"तुझं नको सांगू. गाडी वळव."

डोकंच फिरलं माझं, पण वळवली. घरी आल्यावर चपला न काढता बाबा थेट शेगडीपाशी गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "बंद आहे रे."

अरे, बंदच असणार! आई गेल्यापासून आम्ही डबा खातोय. शेगडी पेटवलीय कोणी?