शालन कोण?

चाकणच्या दवाखान्यात कुसुमताई नंबराची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारी निघोज्याच्या दोघी टेकल्या होत्या, एक वाकलेली म्हातारी आणि तिच्या सोबतीला आलेली, माहेरपणाला आलेली तिची जुनी शेजारीण.

"मालक का न्हाई आलं, मामी?"

"त्ये ध्यानाला बसल्यात. बुवांनी सांगितलंय, डोळं मिटून सोताला इचारायचं, मी कोन."

"मग घावलं का उत्तर?"

"बारा वर्सं झाली. अजून इचारत्यात."

"आन् शेतीचं?"

"पोरगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात गेला. आता मीच बगते."

"तुमीबी बसावं की कदी ध्यानाला."

"बसले व्हते एकडाव. डोळं मिटलं तशी घोरायलाच लागले. मालक म्हनले, तुजा अधिकार न्हाई."

कंपाउंडर दारात आला. "शालन कोण?"

कोणीच उठलं नाही. कुसुमताईंनीही मागे वळून पाहिलं.

"शालन कोण आहे?"

"कोन बाई ही," म्हातारी पुटपुटली, "उठंना बी."

"अवो मामी, तुमचंच नाव न्हवं का? मगाशी मीच सांगितलं त्यांना."

 म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"व्हय की," ती म्हणाली. "मीच हाय ती."