बायको एक, नावं दोन

...पन मी म्हनतो, बायको माझी, पैसे माझे, मरनार मी, मग ह्या बँकवाल्यांच्या पोटात का दुखतंय? तुमाला सांगतो, गुरुवारी पनवेलला माझं काळजाचं ऑपरेशन! डॉक्टर हसत हसत म्हनला, "कोंडाजी, घाबरू नका, फक्त घरची कागदपत्रं आवरून ठेवा." आता हे ऐकून मानूस घाबरनार नाय तर काय नाचनार?

म्हनून कळंबवरनं हिला घेऊन बँकेत गेलो. म्हटलं, माझं काय बरंवाईट झालं तर हिला पैसे मिळतील ना, तेवढं बघू. खिडकीवरच्या रूपाली मॅडम गोड आवाजात म्हनतात, "काका, नियमांचा आढावा झालाय! नॉमिनीचं आधार दाखवा." आढावा! वरची मंडळी एसीत बसून आढावा घेतात नि घाम आमाला फुटतो!

आता आमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलतात. ही माहेरची सुंदरा. मी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं, रोहिणी. बँकेत रोहिणी, रेशनकार्डावर रोहिणी. पन आधारचा कॅम्प आला तवा ही माहेरी, चौक गावात, नि भावानं मोठ्या मायेनं सांगितलं, "लिवा, सुंदरा!" पुढं नाव बापाचं!

"काका, ही सुंदरा कोण?"

"बायको!"

"मग रोहिणी?"

"ती बी बायको!"

मागं रांगेत आमचा शेजारी गजा, तो कशाला गप बसतोय? "कोंडाजी, दोन घरं चालवतोस नि आमाला पत्ता नाय रं!" सगळी बँक हसली. मॅडम हिला म्हनाल्या, "काकू, तुम्हीच सांगा, यजमानांचं नाव काय?" तर ही पदर तोंडाला लावून गप! अगं, आज तरी घे गं नाव! नाय म्हंजे नाय.

"आधार दुरुस्त करून आणा, काका."

"मॅडम, गुरुवारी ऑपरेशन हाय!"

"मी काय करू? नियमांचा आढावा झालाय!"

खरं सांगू? मला मरनाचं भ्या नाय. मी गेल्यावर ही एकटी ह्या खिडकीशी उभी राहील, नि आपन कोन ते सांगत बसेल, त्याचं भ्या वाटतं... डोळ्यात पानीच आलं वो.

तर मॅनेजर साहेब उठून आले. म्हनाले, "नॉमिनी कुणीही चालतो. सुंदरा लिहा, नातं 'परिचित' टाका." टाकलं! केली सही! छाती अशी हलकी झाली म्हनता...

पन हिनं ते वाचलं ना! घरी आल्यापासून नुसती भांडी आपटतेय. काल म्हटलं, "अगं, गुरुवारी ऑपरेशनच्या कागदावर तुझी सही लागनार हाय." तर भाकरी थापता थापता म्हनते, "तिथं नातेवाईक लागतो. मी तर तुमच्या ओळखीची बाई!"

आता काय करता? डॉक्टरला फोन लावलाय. म्हटलं, ऑपरेशन जरा पुढं ढकला, आधी बायकोची समजूत काढतो!