छातीवरची परात

…आणि पडायचं तरी कुठं, तर नाकावर! अहो, एवढी मोठी गाडी, एवढं मोठं अंगण, पण त्या थेंबाला दुसरी जागाच सापडू नये? टप्प! थेट निवृत्तीभाऊंच्या नाकाच्या शेंड्यावर! बरं, पुसावं म्हटलं तर हात मोकळे नाहीत, ओरडावं म्हटलं तर तोंड उघडायची सोय नाही, उठून बसावं म्हटलं तर वर अख्खी विलायती गाडी… तुम्ही सगळे जेवून आलात ना? नसाल आलात तर जाऊन या, मी थांबतो. नंतर जेवण जायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. शी! नुसतं आठवलं तरी जीभ बाहेर काढून खरवडावीशी वाटते!

आता तुम्ही विचाराल, माणसानं गाडीखाली शिरावंच कशाला? बरोबर आहे! मीही तेच विचारलं होतं! आणि शिरलं कोण, तर निवृत्तीभाऊ! आमचे शेजारी, नाशिक रोडला, सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर. कारकून माणूस. नखात शाई गेली तर साबण लावून लावून बोट सोलून काढणारा. एसटीत बसले तर समोरची दांडी रुमाल गुंडाळून धरणारा. दुसऱ्याच्या हातचा पेढा घेतला तर तो मागच्या बाजूनं निरखून मगच तोंडात टाकणारा! असा माणूस गाडीखाली उताणा… कोणासाठी? सासऱ्यांसाठी!

सासरे म्हणजे सावळीरामआण्णा. येवल्याकडचे, कांद्याचे मोठे शेतकरी. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली, पण आण्णांच्या तोंडून जावयाला एकदा 'शाब्बास' म्हणून ऐकायला मिळालं नाही. आले की आधी काय करायचे, तर भाऊंचा हात हातात घ्यायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे, आणि चारचौघांत म्हणायचे, "पावनं, हात लय मऊ हायेत तुमचं. आमच्या मंगलाचं बी यवढं मऊ नायत." दरवेळी! मंगलावहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या आणि भाऊ हात खिशात घालायचे. तुम्हाला सांगतो, त्या माणसाला बढती नको होती, पगारवाढ नको होती. म्हाताऱ्यानं एकदा शाब्बास म्हणावं, बस्स!

तर झालं काय, देवळालीचा एक पारशी म्हातारा बंगला आवरून मुंबईला मुलाकडं निघाला आणि त्याची जुनी विलायती गाडी भाऊंनी घेतली. साधी नाही हं, ऑटोमॅटिक! म्हणजे क्लचच नाही! पायाखाली दोनच पायडल, आणि गिअर आपले आपण पडतात. आता आपण ऐंशी-एक्क्याऐंशी सालातली गोष्ट बोलतोय, तेव्हा नाशकात असल्या गाडीला कोण हात लावणार? द्वारका चौकातल्या मिस्त्रीनं आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "साहब, क्लच किधर है? जिसका क्लच नहीं, उसका हम जिम्मा नहीं लेते!" आणि गाडी तर झटके खायला लागलेली. पारशीबाबानं जाताना सांगून ठेवलं होतं, "डिकरा, गिअरबॉक्सनुं तेल बदली नाखजे, पछी माखण जेवी चालशे!" म्हणजे तेल बदल, मग लोण्यासारखी चालेल! नव्या, लालभडक तेलाचा डबाही दिला होता. वर म्हणाला, आधी इंजिन चालू करून तेल चांगलं गरम होऊ दे, म्हणजे भराभर निघेल. गरम! हे लक्षात ठेवा.

आणि निरोप आला, आण्णा रविवारी येणार. झालं! भाऊंच्या डोक्यात चित्रच तयार. एसटी स्टँडवर गाडी उभी, आपण गाडीला टेकून उभे, आण्णा उतरतात, आपण दार उघडतो… तेही तेलकट, काळ्या हातानं उघडतो! बघू मग म्हातारा काय म्हणतो!

रविवारी सकाळी वहिनींनी काय केलं, वडील येणार म्हणून अंगण शेणानं सारवलं, वर रांगोळी घातली, आणि बजावलं, "अहो, एक थेंब जरी सांडला ना अंगणात, तर त्या गाडीत मी बसायची नाही आणि माझे आण्णाही बसायचे नाहीत! सांगून ठेवते!" आता तेल धरायचं कशात? बादली गाडीखाली जाईना. घमेलं जाईना. चाकांखाली विटा लावल्या तरी जाईना. वहिनी आंघोळीला गेल्या आणि हा गृहस्थ स्वयंपाकघरातून परात घेऊन आला. पितळेची. लग्नातली! काठावर ठोकून नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. मंगला हीस वडील सावळीराम यांजकडून.' अहो, त्या घरात त्या परातीला देवानंतरचा मान! कणीक मळायची ती तीत, आणि पाहुण्यांपुढं लाडू रचायचे ते तीत!

आणि शिंतोडे अंगणात उडू नयेत म्हणून ती परात ठेवली कुठं? जमिनीवर नाही. स्वतःच्या छातीवर! पांढऱ्या गंजीफ्रॉकावर! म्हणजे जवळून झेलता येईल!

आता त्या विलायती गिअरबॉक्सला तेल सोडायचं बूचच नाही. खालचं अख्खं झाकण काढायचं, कडेकडेनं बोल्ट. भाऊंनी एक बोल्ट काढला, दुसरा काढला, काही नाही. तिसरा, चौथा, काही नाही. मनात म्हणाले, एवढं सोपं आहे होय! आणि पुढच्या बोल्टला पान्हा लावला मात्र… भदाक्कन! झाकण एका बाजूनं लोंबकळलं आणि आतलं सगळं तेल एकदम परातीत! काळं, चिकट, गरम, आणि वास? करपलेल्या लसणावर रॉकेल ओता आणि त्यात ओले मोजे उकळा! शी शी शी! परात काठोकाठ. काठाला बोटभर जागा नाही. जोरात श्वास घेतला की तेल गळ्याकडं यायचं, सोडला की पोटाकडं जायचं. दोन्ही हातांनी परात धरलेली, बाहेर सरकावं तर काठ झाकणाला अडकतो, परात तिरकी करावी तर अंगण. आणि वरून, त्या लोंबकळणाऱ्या झाकणाच्या टोकावरून… टप्प! नाकावर!

नाकावरून ओघळून ओठावर. म्हणून तोंड बंद. एकदम घट्ट. आता कोणी काही विचारलं तर बोलायचं काय? 'हं!' एवढंच!

तेवढ्यात आतून वहिनी. "अहो, माझी परात बघितली का?"

"हं…"

"कुठं आहे?"

टप्प! "हं!"

"हं काय हं? आण्णा यायची वेळ झाली, कणीक मळायचीय मला! या माणसाला विचारण्यात काही अर्थ नाही!" आणि आत भांड्यांची आदळआपट सुरू.

मग आल्या यशोदाबाई, वरच्या मजल्यावरच्या. गाडीखालून दोन पाय दिसले की माणूस मदत करील की नाही? यशोदाबाई पायांशी बोलायला लागल्या! "निवृत्तीभाऊ, ते जळकं तेल टाकू नका बरं. आमच्या चौकटीला वाळवी लागलीय. मला द्याल ना?"

टप्प! "हं!"

"सगळं द्याल?"

"हं! हंऽऽ!" म्हणजे बाई, गाडी उचलायला कोणाला तरी बोलवा, असं म्हणायचं होतं हो त्यांना! पण हंमध्ये एवढं सगळं मावतं होय? यशोदाबाई खूश होऊन डबा आणायला गेल्या.

त्या गेल्या आणि गेणू आला. समोरच्या क्वार्टरमधला. बारशाला निघालेला, परीटघडीचे कपडे, कानात अत्तर. वाकलाही नाही! "भाऊ, काय वास सुटलाय हो! काही मेलंय का खाली?" पुढं म्हणतो कसा, "ते तेल गुडघ्याला फार चांगलं असतं म्हणे. आईसाठी बाटलीभर ठेवा. ठेवाल ना?" टप्प! "हं!" झालं, तोही बाटली आणायला गेला. म्हणजे छातीवर परात, परातीत तेल, तेलाला दोन गिऱ्हाइकं, आणि माणसाकडं कोणी बघेना! माझ्या तर डोक्यात तिडीक गेली हे ऐकून! अरे, पाय दिसतात तर वरचा माणूस असेलच ना कुठंतरी?

भाऊ खाली पडल्या पडल्या स्वतःची समजूत घालत होते. आण्णांची एसटी यायला वेळ आहे. तोवर कोणीतरी येईल, गाडी उचलेल, परात राखेनं घासू, लिंबानं घासू, कोणाला कळायचं नाही… आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. कांद्याचा ट्रक. मुंबईला निघालेला, वर हमाल बसलेले, आणि ड्रायव्हरच्या शेजारून कोण उतरलं? आण्णा! एसटीनं आलेच नाहीत! गावचाच ट्रक मिळाला, तिकीट वाचलं, आणि म्हातारा दारात!

"राम राम! पावनं कुठं हायेत?"

टप्प! "हं…"

धोतर सावरत, गुडघ्यावर हात ठेवत आण्णा वाकले. वाचायला त्यांना फारसं येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कुठंही ओळखायचे. आणि परातीचा नावाचा काठ नेमका त्यांच्याच बाजूला! 'सावळीराम यांजकडून'… वर काळं तेल हिंदकळतंय… भाऊंनी डोळे मिटून घेतले. मनात म्हणाले, संपलं. आता हात मऊ राहिले बाजूला, अख्खा जावईच वाया गेला!

आण्णांनी मान तिरकी करून नाव पुन्हा एकदा बघितलं. मग एकदम ओरडले, "मंगलेऽऽ! हिकडं ये! बघ, बघ तुजा नवरा!" वहिनी पातेल्यातच कणीक मळत होत्या, तशाच कणकेच्या हातानं बाहेर, परात बघितली आणि तोंडाचा आ वासला. आणि म्हातारा काय म्हणाला असेल? डोळ्यांत पाणी हो त्याच्या! "घरात बादल्या हायेत, घमेली हायेत, पन ह्या गड्यानं माझीच परात घेतली! आन भुईला टेकू नाय दिली! माझं नाव उराशी धरून पडलाय! आन हात बघ हात! काळं मिट्ट! आज मला गड्याचं हात दिसलं! शाब्बास पावनं! शाब्बास!"

आता तुम्ही मला सांगा, ज्या शब्दासाठी माणूस एवढी वर्षं झुरला, तो शब्द कानावर पडल्यावर तो 'हं' म्हणून गप्प बसेल? भाऊ सगळं विसरले. आणि मोठ्यानं, तोंड पूर्ण उघडून म्हणाले, "आऽऽऽ…"

टप्प!

'ण्णा' राहिला तोंडातच! आणि थेंब जिभेवर नाही, थेट घशात! थुंकावं तर परात. खोकावं तर परात. उलटी करावी तर… नको, पुढचं बोलत नाही. गिळावं लागलं हो! पेढा निरखून खाणारा माणूस! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आण्णा वहिनींना सांगतायत, "बघ, किती हळवा हाय! उगं नाय मी तुला ह्याला दिली!"

मग ट्रकवरचे हमाल आले, एक हात दिला, गाडी अल्लाद वर. भाऊंना पायाला धरून परातीसकट बाहेर ओढलं. अंगणात थेंब नाही! पण वहिनींनी एकदा परातीकडं बघितलं, एकदा भाऊंकडं बघितलं आणि तरातरा चिंच आणायला आत गेल्या. तेल काय, यशोदाबाईही नाही आणि गेणूही नाही, आण्णाच घेऊन गेले डब्यात भरून, बैलगाडीच्या आखाला वंगण लावायला. जावयाची आठवण म्हणून! तेव्हापासून यशोदाबाई बोलत नाहीत आणि गेणू ओळख देत नाही. आणि गाडी? नवं लालभडक तेल भरलं, सुरू केली, गिअर टाकला… मागं गेली. पुढं जायचं नावच नाही. आजही तिथंच उभी आहे, पोरं लपाछपी खेळतात.

परात चिंचेनं घासली, राखेनं घासली. आण्णांच्या हट्टानं दुसऱ्या दिवशी पुरणपोळीची कणीक तीतच मळली. आण्णा एक घास खाऊन म्हणाले, "मंगले, आज पोळीला येगळाच वास येतोय गं. लय झाक!" आणि भाऊ ताटावरून उठून मोरीवर!

आता दर दिवाळीला आण्णा येतात आणि आल्या आल्या गल्लीभर सांगतात, "आमचं पावनं म्हंजे… शाब्बास!" शाब्बास म्हटलं की इकडं भाऊंच्या घशाशी तोच वास. मी गेल्या खेपेला विचारलं, "काय भाऊ, शेवटी मिळाली ना सासऱ्यांची शाब्बासकी?"

भाऊंनी आधी वर छताकडं बघितलं. मग नाक पुसलं. आणि तोंड घट्ट मिटून म्हणाले, "हं!"