दोन ठोके पडेपर्यंत

मित्रहो, आयाबायांनो, शेजाऱ्यांनो,

कॉलनीच्या या हॉलमध्ये मी पुष्कळदा बोललो आहे. आज समोरच्या फोटोतून शेवंताबाई माझ्याकडे बघताहेत, आणि त्यांना दाखवायला मला तोंड नाही.

शेवंताबाई म्हणजे आपल्या मुलांना शाळेच्या बसमध्ये चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली, तेव्हा परळ सोडून मुलुंडला आल्या आणि बसच्या पायरीवर उभ्या राहिल्या. परवा काविळीने गेल्या.

माझी नंदा पहिलीत असताना बसला घाबरायची. लांबून बस दिसली की उलटी. मी काय केलं? थोरामोठ्यांचे दाखले दिले. ‘धीट हो!’ म्हणून ओरडलो. शेवंताबाई खाली उतरल्या, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, “भियातंस कित्याक गो? गाडी तुज्या हातात आसा. तू पत्रो वाजवल्याशिवाय ती हलाची नाय.”

आणि नाही हलली! नंदाने आत बसून पत्र्यावर दोन ठोके दिले, तेव्हाच हलली. ड्रायव्हरने मध्येच हॉर्न वाजवला, तर बाई त्याच्यावर खेकसल्या, “तुका कसली घाई? विमान चलवतंस?” दोन मिनिटं गेली. पंधरा दिवसांनी नंदा धावत जाऊन खिडकी पकडायला लागली.

भ्यालेल्याच्याच हातात गाडी सुटण्याची खूण द्यायची. मी एवढी पुस्तकं वाचली. मला हे एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

मग यंदा तळमजल्यावरची सुलू आली. तीही तशीच भित्री. तिच्यासाठीही बस थांबू लागली. आणि आपण काय म्हणालो? आठवतं? पिठाच्या गिरणीपाशी उभे राहून म्हणालो, “रोज काय नाटक यार हे! एका रडक्या पोरीपायी सगळ्यांना उशीर?” म्हणालो, “बाईच बदला.” मला म्हणालात, “तुझी भाषा जोरदार रे, तूच अर्ज लिही ना!”

मी लिहिला. संपाच्या सभांत कामगारांसाठी घसा फोडणारा मी. मी एका गिरणी कामगाराच्या बायकोची नोकरी घालवली. का? माझी नंदा धीट झाली होती. आता थांबायचं होतं ते दुसऱ्याच्या मुलीसाठी.

पहिली सही माझी. तुमच्या तिच्याखाली. आठवड्यात शाळेने बाईंना काढलं. बस वेळेवर सुटू लागली. सुलूला मागे ठेवून. ती त्यानंतर बसमध्ये चढलेली नाही.

नंदाने मला विचारलं, “बाबा, तुम्हीपण सही केलीत?”



आज हार यायला वीस मिनिटं उशीर झाला. कुणी घड्याळ पाहिलं? कुणी अर्ज केला?

आता उभे राहा. अशा वेळी दोन मिनिटं स्तब्ध राहायची रीत आहे. दोन मिनिटं! त्या तेवढीच तर मागत होत्या. जिवंतपणी आपण दिली नाहीत.

म्हणून आज घड्याळ लावायचं नाही. सुलू पुढेच आहे, आईपाशी. सुलू बाळ, हे टेबल तुझं. तुला वाटेल तेव्हा दोनदा वाजव. तोवर कुणी खाली बसणार नाही. आणि तिला वेळ लागला, तर लागू द्या. ‘चल, आटप’ कुणी म्हणायचं नाही.

शेवंताबाई, थांबलो आहोत.