एक शब्द पुढे

जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देणाऱ्या दुकानात आपला नंबर कधी येतोय, या विचाराने आजोबा वैतागले होते. पुढची बाई स्क्रीनवरून हलायचं नाव घेईना.

“दादा, आवाज अजून जुळलेला नाही.”

“ताई, तंतोतंत जुळवलाय. स्टेजच्या पडद्याआडून डोकावणाऱ्या त्या बाईंचे ओठ बघा ना.”

“ती आई आहे. कविता मी म्हणतेय, माइकसमोरची ती लहान मुलगी.”

“तुमचं तोंड माइकमागे झाकलंय. म्हणून त्यांच्या ओठांवर आवाज बसवला.”

“मी अडखळायचे. ती पुढचा शब्द नुसत्या ओठांनी आधीच सांगायची.”

“मग आवाज थोडा मागे सरकवतो. पण शेवटच्या कडव्याला त्यांचे ओठ हलतच नाहीत.”

आजोबाही आता मान उंचावून बघू लागले.

“तिथे ती नुसती ऐकतेय.”