हात स्थिर ठेवा

तुम्हाला सांगते, नखांच्या नादात माझा जीव अर्धा झाला होता. दादाचं लग्न ठरलं, म्हणून मी आईसाठी चिकटवायची नखं मागवत होते, अगदी मापाची. मोबाईलवर बोटांचे फोटो वरून आणि बाजूने काढायचे, त्यावरून नखाची लांबी, रुंदी, बाक सगळं मोजलं जातं. पण दर फोटोनंतर एकच सूचना यायची, 'हात स्थिर ठेवा.'

"आई, हलू नकोस ना गं!"

"मी कुठे हलतेय? तुझाच फोन हलतोय."

मी फोन डब्याला टेकवला, टायमर लावला. तरी फोटो अस्पष्टच. तेव्हा मी तिच्या बोटांकडे नीट पाहिलं. बोटं थरथरत होती. मी फोन बाजूला ठेवला.

"कधीपासून गं?"

"होईल बरं. आधी लग्न पार पडू दे."

दुसऱ्याच दिवशी तिला बोळिंजच्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट येईपर्यंत मला घास उतरेना, नाही नाही ते मनात यायचं. शेवटी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड वाढलंय. गोळ्या घेतल्या की थरथर कमी होईल."

मी तिथेच रडायला लागले. आईने मात्र खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, "म्हणजे विहीणबाईंसमोर चहा सांडणार नाही ना, डॉक्टर?"